एक एप्रिल ते तीस जून

‘पूर्ण चार्ट नको, फक्त पुढच्या तिमाहीचा काढा,’ हे साहेबांचं फर्मान दिसायला गरीब असतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तशी सोयही आहे. प्रिंटमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पेसिफिक डेट्स’ निवडायचं, १ एप्रिल ते ३० जून टाकायचं. पण त्या तारखा कापतात फक्त उजवीकडचं वेळेचं कोष्टक. डावीकडची कामांची यादी शाबूत राहते. त्यामुळे गेल्या वर्षी उरकलेली आणि पुढच्या वर्षी व्हायची कामंही नावानिशी हजर, त्यांच्यापुढे पांढरंफेक माळरान, आणि पट्ट्यांच्या खुणांचा तक्ता प्रत्येक पानाच्या तळाशी ठाण मांडून. मग जाणकार सांगतात, तारखांचा फिल्टर लावा. खरी गंमत तिथून सुरू होते.

हा फिल्टर त्या तिमाहीला न शिवणारं प्रत्येक काम गाळतो. आता समजा, पाया मार्चमध्ये भरायचा होता आणि अजून एक घमेलंही पडलेलं नाही. सॉफ्टवेअर आपणहून तो पट्टा पुढे सरकवत नाही. तो बिचारा मार्चमध्येच पडून राहतो. म्हणजे तिमाहीच्या कागदावर पायाच नाही, स्लॅब मात्र मे महिन्यात झोकात! रखडलेली कामं जितकी जुनी, तितका कागद स्वच्छ. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही.

कोणी म्हणेल, उरलेलं काम पुढे ढकलायची आज्ञा त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती द्या की. द्यावीच. पण ती दिली की पायामागून स्लॅब, स्लॅबमागून प्लॅस्टर असं सगळं घसरत शेवटची तारीख दिवाळीपलीकडे जाते, आणि बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एवढं धैर्य कोणाकडे नसतं. शिवाय मूळ तारखांची नोंद, म्हणजे बेसलाइन, जपलेली नसेल, तर ढकललेला पाया एप्रिलमधलं नवंकोरं काम म्हणून मिरवतो. दुसरा आक्षेप: स्क्रीन असताना कागद हवाच कशाला? साइट ऑफिसात ठेकेदाराची सही स्क्रीनवर घेता येत नाही, आणि लाल पेनाचा गोल भिंतीवरच्या कागदावर जसा बोचतो तसा स्क्रीनवर बोचत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ‘पासून’ची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नये, सर्वांत जुन्या अपुऱ्या कामाच्या सुरुवातीची घ्यावी. फिल्टरही तसाच हवा: ३० जूनपर्यंत सुरू व्हायचं आणि शंभर टक्के न झालेलं प्रत्येक काम. यावर साहेबांची हरकत ठरलेली, की मग एका ए-थ्री कागदावर मावणार नाही. खरं आहे, प्रकल्प जितका रेंगाळलेला, तितका कागद लांब. तरी थोडी जागा सुटू शकते. पेज सेटअपमध्ये खुणांच्या तक्त्यासाठी ‘नन’ निवडावं. निळा पट्टा म्हणजे काम, हे बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते झालं की नाही, हे तो तक्ता तसंही सांगत नाही.