मापात पाप

वजनमापांच्या खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक बाजारात दिसला की भाजीवाल्यांचे काटे आपोआप सरळ होतात. असा एक जण प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडे अण्णा आहेत. पेट्रोल पंपावर ते आधी मीटरवरचं शून्य बघतात, मग पोराकडे. दूधवाला त्यांच्या दारात माप काठोकाठ भरून वर थोडं मुद्दाम सांडतो. अशा माणसाला एक टीबीची हार्ड डिस्क आणायला धाडू नये. नातवाने धाडलं.

डिस्क संगणकाला जोडली आणि पडद्यावर आकडा उमटला : ९३१ जीबी. म्हणजे हजारामागे एकोणसत्तरची काटामारी! अण्णा तडक दुकानात. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, सगळ्यांच्या एवढ्याच भरतात." हे वाक्य अण्णांनी नोकरीभर ऐकलं होतं, प्रत्येक वेळी आरोपीच्याच तोंडून.

चौकशीअंती मात्र घात झाला. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाईट. त्या हिशेबाने टीबीचे लाख कोटी बाईट डिस्कमध्ये चोख होते. विंडोजच त्यांना हजाराऐवजी १०२४ने तीनदा भागत होतं आणि पुढे बिनदिक्कत 'जीबी' लिहीत होतं. माल पुरा, काटा खोटा! मापात पाप आहे आणि पापाचा पैसा कुणाच्याच खिशात जात नाही, असा गुन्हा अण्णांनी पाहिलाच नव्हता. कलम कुठलं लावायचं?

१०२४ म्हणजे एकाची दहा वेळा केलेली दुप्पट. अण्णांच्या आजीला हे चटकन कळलं असतं. शेर, अच्छेर, पावशेर, आदपाव, छटाक असं निम्मं-निम्मं करतच तिचा संसार झाला. १९५६च्या कायद्याने शेराची गच्छंती ठरवली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएमच्या वर्नर बुखहोल्त्झ यांनी 'बाईट' हा शब्द घडवला. इथे दुपटी-निमपटीचा हिशेब मोडीत निघत होता, तिथे मांडला जात होता. सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागतं.

१९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १०२४वाल्या मापांना वेगळी नावं दिली : किबीबाईट, मेबीबाईट, गिबीबाईट. अण्णांनी तत्काळ अंमलबजावणी सुरू केली. "हा पेनड्राइव्ह किती गिबीबाईटचा?" असं त्यांनी विचारताच दुकानातल्या पोराने त्यांना खुर्ची आणि पाणी दिलं.

त्यातच सूनबाईंच्या मॅकवर तीच डिस्क पुरी एक टीबी भरली. ॲपलने २००९पासून हजाराचा हिशेब धरला आहे. एका घरात दोन काटे! अण्णांनी विंडोजच्या संगणकावर खडूने फुली मारली. ब्रॉडबँडचं तर विचारूच नका. १०० एमबीपीएसचे पैसे भरून सेकंदाला जेमतेम बारा एमबी उतरतात, कारण तिथला 'बी' बिटचा, आणि आठ बिटांचा एक बाईट. कस्टमर केअरच्या मुलीला ते आधी विचारतात, "बी धाकटा की थोरला?"

सध्या मात्र ते जुन्या फ्लॉपीच्या मागावर आहेत. तिच्यावर छापलेल्या १.४४ एमबीतला एमबी ना हजार गुणिले हजार, ना १०२४ गुणिले १०२४; तो हजार गुणिले १०२४! एका मापात दोन्ही पद्धतींची भेसळ, तीही छापील. अण्णा भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालताहेत. पंचनामा लिहून तयार आहे, फक्त मुद्देमाल सापडत नाही.