वेशीबाहेरच्या वाडीतर्फे मास्तरांस पत्र

प्रति,
मा. मास्तर, शनिवार रात्रीचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव,
मु. पो. आळेफाटा



गेल्या शनिवारी आपल्या सुवर्णपूर नगरीवर ड्रॅगन चालून आला. नगरीभोवती निळं कवच होतं. ड्रॅगनने आग ओकली, कवचावर साधा ओरखडाही उठला नाही, आणि तो चिडून वेशीबाहेरच्या वाडीकडे वळला. चहाचा घोट घेत आपण म्हणालात, "वाडी जळाली. पुढे?" ज्या खेळाडूच्या पात्राची आई, दोन बैल आणि विहीर त्या वाडीत होती, तो वीस बाजूंचा फासा मुठीत धरून बसला होता. "टाकायची गरज नाही," असं त्याला सांगण्यात आलं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. आठचा डाव साडेनऊला सुरू होतो, पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपले फासे कायम अठराच्या वरच पडतात, आणि भेळेचे पैसे कधीचे थकलेत. ते चालायचंच. कवच मात्र चालणार नाही.

नियमांचं पुस्तक आळेफाट्यावर कुणी उघडत नाही, असा आपला समज दिसतो. 2014 च्या आवृत्तीत 'गार्ड्स अँड वॉर्ड्स' नावाचा सहाव्या पातळीचा मंत्र आहे. तो 2,500 चौरस फूट जागा राखतो, म्हणजे जेमतेम सव्वादोन गुंठे. टिकतो 24 तास. कायमचा करायचा तर त्याच जागी वर्षभर रोज म्हणायचा. नगरी 100 एकरांची धरली, तर रोज 1,700 हून जास्त वेळा तो म्हणावा लागेल, आणि अकराव्या पातळीवर पोचलेल्या जादूगारालाही तो दिवसातून एकदाच जमतो. सतराशे थोर जादूगार पोसणारी नगरी! त्यांचा पगार कोण देतं? दिवाळीला एकाने दांडी मारली, तर त्याचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं का? 'फर्बिडन्स' हा दुसरा मंत्र एकराला जरा कमी जागा झाकतो आणि लागोपाठ 30 दिवस म्हटला तर कायम राहतो. पण त्याचा जोर पिशाच्चांवर, सैतानांवर आणि परलोकातून उडी मारून येणाऱ्यांवर. ड्रॅगन त्याला विचारतही नाही. याच खेळाच्या 'फर्गॉटन रेल्म्स' नावाच्या जगातल्या वॉटरडीप शहराला ड्रॅगन अडवणारं कवच आहे खरं, पण ते अघैरॉन नावाच्या महाजादूगाराने उभारल्याची कथा तरी आहे. सुवर्णपूरचं कुणी उभारलं, असं विचारल्यावर आपण म्हणालात, "आधीपासूनच होतं."

जुन्नर तालुक्यात बसून असं म्हणायला छाती लागते. शिवनेरीवर जाताना सात दरवाजे लागतात. ते रोज कुणीतरी उघडले आणि लावले. जुन्नर शहराला तट होता. 1657 साली शिवाजी महाराजांचे लोक रात्री दोराच्या शिड्या लावून तो चढून गेले. तट जागचा हलला नाही, माणसं वरून गेली. (भिंत हलवायची तर ज्ञानेश्वर लागतात, आणि कथेत त्यांनीही ती वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवांना अडवायला नव्हे, सामोरं जायला चालवली. त्यांच्या वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी आपल्या शेजारी आळ्यातच आहे. सवड काढून जाऊन या.)

गावगाड्यालाही कवच होतंच. वेशीत मारुती, शिवेवर म्हसोबा, आणि पटकीची साथ आली की मांत्रिकाकडून शीव बांधून घेणं. पण रात्री त्या शिवेवर फिरायचं कुणी? वतनदार महाराने. हद्द त्याने राखायची, सरकारी निरोप त्याने पोचवायचे, परका माणूस दिसला की पाटलाला वर्दी त्याने द्यायची, आणि झोपायचं मात्र गावकुसाबाहेर. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' 1915 साली आलं, त्यात या बलुत्यांचा हिशेब वाचायला मिळतो. ही वतनं मोडायला 1958 चा कायदा यावा लागला. तेव्हा आपण वाडी कवचाबाहेर ठेवलीत, यात नवीन काहीच नाही, आणि राग त्याचाच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली जो खेळ आणला, त्यात वाटेल ते जग रचायची मुभा आहे. आपल्याला उडणारा, आग ओकणारा प्राणी सुचला, बोलणारी तलवार सुचली. वेशीच्या आतले आणि बाहेरचे मात्र होते तिथेच राहिले!

आणि ड्रॅगनचं भय इथे कुणाला दाखवता? कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांना पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, उसात बिबट्याची मादी व्याली. मग बिबटे पकडून लांब नेऊन सोडायचा मंत्रही म्हणून झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जुन्नर परिसरातलाच आहे: 2001 पासून असे बिबटे उचलून सोडणं वाढलं, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. मंत्र उलटला. 2025 च्या नोव्हेंबरात, लागोपाठच्या हल्ल्यांनंतर, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात बांधतो, तसले पट्टे. आजचं कवच ते एवढंच, एका गळ्यापुरतं. ऊसतोड कामगारांच्या कोपीला तर धड दारही नसतं. या मुलखात, या टेबलावर, "वाडी जळाली, पुढे?" म्हणताना जीभ कशी अडखळली नाही?

तरीही एक गोष्ट खेळाडूंनी पाहिली, ती इथे नोंदवणं भाग आहे. डाव मोडल्यावर मास्तर घरी झोपायला गेले नाहीत. कांद्याला पाणी द्यायचं होतं आणि थ्री फेजची लाइट रात्रीची होती. गाडीच्या हँडलला बॅटरी अडकवलेली, काखेत काठी, आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी, बिबट्याला माणसाची चाहूल आधीच लागावी म्हणून. मास्तरांची वस्ती रस्त्यापासून बरीच आत, दोन्ही अंगांना ऊस. कुणी न राखता आपोआप टिकणारं कवच अशा माणसाच्या डोक्यात आलं, तर त्यात नवल कसलं? आठवडाभर जो वाडीत असतो, त्याला शनिवारचे चार तास तरी नगरीत काढावेसे वाटणारच. हे आधी लक्षात आलं असतं, तर वरचे दोन-तीन परिच्छेद जरा मऊ झाले असते. आता राहू देत.

मागणी मोठी नाही. सुवर्णपूरचं कवच सुवर्णपूरला लखलाभ. वाडीला पहिल्या पातळीचा 'अलार्म' मंत्र द्या. सामान काय, तर एक बारकी घंटा आणि चांदीची बारीक तार. राखण होते वीस फूट लांब-रुंद-उंच एवढ्या जागेची, मुदत आठ तास, आणि मंत्र म्हणणारा झोपला असला तरी त्याला जाग येते. लाइटची एक पाळी त्यात निघते. ड्रॅगन थांबणार नाही, पण बैलांचे दोर कापायला आणि आईला बाहेर काढायला वेळ मिळेल. त्या खेळाडूला त्याचा फासाही टाकू द्या. एक पडला तर तो रडणार नाही.

या शनिवारीही लाइट रात्रीचीच आहे. म्हणून डाव सहाला सुरू करा, दहाला आवरू. मोटर चालू करायला दोघे जण आपल्याबरोबर वस्तीवर येतील. भेळेचे पैसे मात्र आणा.

कळावे,
वाडीतर्फे, शनिवारचे खेळाडू