रस्ता बंद आहे, साहेब!

मराकेशचा मेनारा विमानतळ जुन्या शहरापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर. अंतर एवढं कमी की भाव ठरवायलाच प्रवासापेक्षा जास्त वेळ लागतो.

बाहेर बदामी रंगाच्या छोट्या टॅक्स्या. एकीत तिघांच्या वर बसायचं नाही, हा नियम कसोशीने पाळतात. मीटरही असतो, पण विमानतळावर त्याचं मौनव्रत असतं. दिवसा एक भाव, रात्री दीडपट, आणि गिऱ्हाइकाचे डोळे झोपेने तारवटलेले दिसले की मग देवच जाणे. १९ नंबरची बस थेट जेमा अल-फना चौकात जाते. टॅक्सीवाल्याला विचाराल, तर ती कायम ‘आत्ताच गेली’.

चौकापाशी कुतुबिया मशिदीचा ७७ मीटर उंच मिनार दिसतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. उगाच! पुढच्या बोळांत टॅक्सी शिरत नाही. १९८५ पासून हा सगळा भाग जागतिक वारसा. त्याचा सन्मान म्हणून बॅग आपणच ओढायची. मोबाइलमधला निळा ठिपका खुशाल भिंतीतून आरपार जातो, आपण मात्र गाढवाला वाट देत भिंतीला चिकटून उभे. तेवढ्यात एक पोरगा उगवतो: “रस्ता बंद आहे, साहेब, माझ्यामागे या!” रस्ता चांगला सताड उघडा असतो. बंद होते ती आपली अक्कल, आणि तिची फी दिरहममध्ये द्यावी लागते.

तेव्हा मुक्कामाच्या घरमालकालाच चौकात घ्यायला बोलवा, आणि सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा.