ऐकलंत?

नानांच्या गाडीत बसायचं तर आधी मुलाखत द्यावी लागते. प्रश्न एकच. "तुमचा कुठला कान चांगला?" डावा म्हटलंत तर मागे डाव्या खिडकीशी, उजवा म्हटलंत तर नानांच्या मागे. दोन्ही चांगले म्हणणाऱ्याला मधे बसवतात आणि सायलेन्सरचं खातं त्याच्याकडे देतात. पुढची डावी सीट काकूंची. ती जागा काकूंना लग्नामुळे मिळालेली आहे, कानामुळे नाही, असं नाना सांगतात.

असले गृहस्थ तुमच्याही आळीत असणार. कुणाची झेन असेल, कुणाची पहिली सँट्रो. आमच्या नानांची मारुती ८००. २००० सालच्या दसऱ्याला घेतलेली, पांढरी, नंबर एमएच-०४. तेव्हा आमचं माहीम ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि गाडी होती त्याच आंब्याखाली उभी राहून परजिल्ह्याची झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत कंपनीने ८०० बनवणंही थांबवलं होतं. डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर असलेल्या गाडीचा कारभार आटोपला. नानांनी सुतक पाळलं नाही. म्हणाले, "त्यांनी थांबवलं असेल. आपली चालू आहे. ऐकलंत?"

हे 'ऐकलंत?' आलं की गाडीतलं सगळं बोलणं थांबवायचं असतं. राजकारण असो, कुणाचं बाळंतपण असो, वाक्य अर्ध्यावर सोडायचं. नाना काच खाली करतात, मान तिरकी करतात, इंजिन बंद करून गाडी नुसती गडगडू देतात. एकदा मला डहाणूहून येणारी लोकल पकडायची होती. माहीमहून पालघर स्टेशन म्हणजे सात-आठ किलोमीटर, वेळ भरपूर. अर्ध्या वाटेवर नानांना टकटक ऐकू आली. गाडी रस्त्यातच थांबली. मागून एसटी आली आणि ड्रायव्हरने भोंग्यावर हात ठेवला तो काढीचना. नाना शांतपणे उतरून त्याच्याकडे गेले. मला वाटलं, माफी मागताहेत. तर सांगत होते, "अहो, जरा भोंगा थांबवा. इथे ऐकू येत नाहीये." लोकल गेली. टकटक डिकीतल्या नारळाची निघाली.

आवाज शोधण्याची नानांची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध आहे. एकेक संशयित बाद करत जायचं. एकदा केळव्याच्या वाटेवर टिंगटिंग सुरू झाली. आधी काकूंच्या बांगड्या उतरवल्या. मग माझ्या किल्ल्यांचा जुडगा जप्त झाला. शेजारच्या आजींची काठी डिकीत गेली, आजींना चालत जाते म्हणायची पाळी आली. टिंगटिंग चालूच. शेवटी काकू समोर बघत म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिशातला अडकित्ता पानाच्या डबीवर आपटतोय." नानांनी अडकित्ता काढून काकूंच्या हातात दिला. गाडी सुरू झाली. दोन मिनिटं गेली असतील. "आता मागचा दुसरा स्पष्ट येतोय. ऐकलंत?"

मनोरला लग्नाला निघालो तर वाघोबाच्या खिंडीत सगळे थांबतात. जाणारा-येणारा वाघोबाला हात जोडतो. आम्हीही जोडले. वळून बघतो तर नाना बॉनेटवर कान टेकून ओणवे. काकू म्हणाल्या, "खरा वाघ आला ना, तर त्यालासुद्धा आधी विचारतील, ऐकलंत?"

पालघरच्या गॅरेजमधल्या पोराकडे मात्र नाना एकदाच गेले. पोरगा चुणचुणीत. त्याने नानांचं काही ऐकून न घेता स्कॅनर काढला, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, या गाडीला आपला स्कॅनर लागत नाही."
"मग कान लाव."
पोराने मालकाकडे बघितलं. मालकाने आभाळाकडे. तेव्हापासून पोराचा उल्लेख 'बहिरा डॉक्टर' असा होतो.

पुतण्या दर दिवाळीला सांगतो, "नाना, विका आता ही." त्याने स्वतः सात सीटांची घेतली आहे. तिच्यात बसलं की बाहेरचं चिटपाखरू ऐकू येत नाही. ती आमच्या वाडीच्या वाटेत मावतही नाही. दोन्हीकडून कुंपणं, वरून सुपारी आणि नारळ. म्हणून ती वर्षभर नाक्यावर कव्हर घालून उभी असते आणि पुतण्या सहकुटुंब ८०० मधून तिच्यापर्यंत जातो. नाना सोडतात. कान विचारून.

हे वेड आलं कुठून, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा आवाज बदलल्यासारखा वाटत होता. इलेक्ट्रिशियन बघून गेला होता, ठीक आहे म्हणाला होता. मी नानांना सहज बोललो. संध्याकाळी नाना हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. त्याचं टोक मोटरीच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. सतत बोलणारा हा माणूस इतका वेळ गप्प मी कधी पाहिला नव्हता. मग टोक दोन बोटं सरकवलं. पुन्हा ऐकलं. "पुढची बेअरिंग. गोळीला खड्डा पडलाय. आठवडाभर काढेल." पाचव्या दिवशी मोटर अडकली. बेअरिंग काढली तर एका गोळीवर नखाएवढा खड्डा.

नाना तारापूरच्या एमआयडीसीत मेन्टेनन्स फिटर होते. पहाटे स्टेशन गाठून बोईसरची गाडी, मग दिवसभर पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर यांच्यामधून तो स्क्रूड्रायव्हर घेऊन हिंडायचं. कुठली बेअरिंग कोरडी पडली, कुठला शाफ्ट किंचित वाकला, हे यंत्र बंद पडायच्या आधी सांगायचं, एवढंच काम. नानांनी थांबवा म्हटलं की लाइन थांबत असे. मॅनेजरही वाक्य अर्ध्यावर सोडत असे. मग नाना निवृत्त झाले, त्यांच्या जागी कंत्राटी पोरं आली. ती दर महिन्याला बदलतात. एका यंत्राचा रोजचा आवाज कानात बसायला महिना पुरत नाही.

जानेवारी २०२० मध्ये तारापूरला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. त्या रात्री आळीत जो तो विचारत होता, तुम्हाला आवाज आला का, काचा हादरल्या का. नाना ओटीवर बसून होते. एवढंच म्हणाले, "स्फोट ऐकायला कान लागत नाहीत. त्याच्या आधीचं ऐकायला लागतात." नंतर चौकश्या, समित्या, अहवाल रीतसर झाले. निवृत्त फिटरला बोलवायची रीत कुठल्याच समितीत नसावी. आता उभ्या जगात नानांच्या शब्दावर थांबणारं यंत्र एकच उरलंय, ७९६ सीसीचं. गाडीत आवाज नसला तर नाना करणार काय?

गेल्या दसऱ्याला गाडीला पंचवीस वर्षं झाली आणि नोंदणी पुन्हा करायची वेळ आली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी दहा हजार. पुतण्या म्हणाला, एवढ्यात तर गाडीच विकत मिळेल. नानांनी धुतलेला सदरा घातला, गाडी पुसली, डिकीतले नारळ उतरवले. तपासणीला काकू आणि मी सोबत होतो. साहेबांनी दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला, चासी नंबर ताडून घेतला, कागदावर सही केली. नाना बॉनेट उघडून तसेच उभे. साहेब पुढच्या गाडीकडे वळले. गाडी पास झाली होती. पण परतीच्या वाटेवर नाना पालघर येईपर्यंत घुश्शात. काकूंनी विचारलं, "आता काय झालं?"

"दहा हजार घेतले," नाना म्हणाले, "आणि कान नाही लावला."