घर मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

घर मोजायला घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. घर कशासाठी मोजायचं आहे? विकायला, विकत घ्यायला, कर भरायला, की गणपतीच्या वर्गणीला आलेल्या मंडळींना तोंड द्यायला? हे न ठरवता टेप हातात घेणारा माणूस नवशिका समजावा. भिंती त्याच, फरशी तीच, पण हेतू बदलला की क्षेत्रफळ बदलतं. जाणते लोक आधी उत्तर ठरवतात आणि मग त्याला शोभेल अशी पद्धत निवडतात.

साहित्य फार लागत नाही. पाच मीटरची स्टीलची टेप, कागद, पेन्सिल आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. हा माणूस शक्यतो मेहुणा नसावा. तो टेप ढिली सोडून, हे घर मुळात घ्यायलाच नको होतं यावर बोलत राहतो. टेप स्कर्टिंगच्या वर, कमरेच्या उंचीला, ताणून धरावी. प्रत्येक खोली दोन ठिकाणी मोजावी, कारण समोरासमोरच्या दोन भिंती समांतर असतातच असं नाही. गवंड्याने गुण्या लावला होता की नुसता सोबत आणला होता, ते इथे कळतं.

आता पहिला सापळा. खोली १० फूट ९ इंच भरली तर बहुतेक लोक कागदावर १०.९ लिहितात आणि मोबाइलवर गुणाकार करून मोकळे होतात. फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत. १० फूट ९ इंच म्हणजे १०.७५. ही चूक घर मोठं दाखवते, म्हणून तिच्याविरुद्ध कुणाची तक्रार नसते. पण खोली १० फूट १० इंच भरली की तेच गृहस्थ १०.१० लिहितात. १२ फूट लांबीच्या खोलीत १३० चौरस फुटांऐवजी १२१ येतात आणि नऊ फूट जागा कुणी ढापली, यावर घरात तपास सुरू होतो. सरकारी कागद चौरस मीटरमध्ये बोलतो. त्याला १०.७६४ ने गुणावं आणि गुणताना चेहरा निर्विकार ठेवावा.

खोल्या मोजून झाल्या की कार्पेट एरियाकडे वळावं. इथे थोडा अभ्यास लागतो. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ३८६१ हे मानक इमारतींची क्षेत्रफळं कशी मोजावीत तेच सांगतं. त्याच्या हिशेबाने कार्पेटमध्ये स्वयंपाकघर धरत नाहीत, संडास-बाथरूम धरत नाहीत, व्हरांडा आणि पॅसेजही नाही. म्हणजे जिथे बसून नुसतं सुख भोगायचं तेवढंच घर. पोळ्या जिथे होतात तो भाग घराबाहेरचा. हे मानक घरात मोठ्याने वाचून दाखवू नये.

व्यवहारात चालतं ते रेराचं कार्पेट. रेरा हा २०१६ चा स्थावर मालमत्तेचा कायदा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून कामाला लागलं. व्याख्या अशी, की बाहेरच्या भिंतींखालची जागा सोडायची, डक्ट सोडायचे, आपल्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. मात्र आतल्या पडद्या, म्हणजे खोल्या-खोल्यांमधल्या भिंती, कार्पेटमध्ये धरायच्या. चार इंची, दहा फूट लांब भिंत जमिनीवर सव्वातीन चौरस फुटांहून थोडी जास्त जागा खाते. चौरस फुटाला वीस हजारांचा भाव धरला तर त्या भिंतीखालची जमीन साधारण ६७ हजारांची. तिच्यावर खिळा ठोकताना हे आठवावं. हौसेने ती पाडून हॉल आणि स्वयंपाकघर एक केलंत, तर घर डोळ्यांना मोठं दिसेल, पाय पसरायला जागा मिळेल, पण कागदावरचं कार्पेट एका इंचानेही वाढणार नाही. ती जागा तुमचीच होती, तुम्ही फक्त तिच्यावरून विटा उचलल्यात.

बाल्कनीचा मामला नाजूक आहे. कागदावर ती वेगळी दाखवतात. प्रत्यक्षात तिला काच लागते, मग फरशीची पातळी जुळवली जाते, मग तिथे मुलाचं अभ्यासाचं टेबल येतं. अशी बाल्कनी मोजताना तिला काय म्हणायचं, हे विचारणारा कोण आहे ते बघून ठरवावं.

या शास्त्राचा सुवर्णकाळ पाहायचा तर मुंबईतल्या २०१२ पूर्वीच्या इमारतींना भेट द्यावी. तेव्हा खिडकीबाहेरचे फुलझाडांचे कट्टे, कोनाडे आणि तऱ्हेतऱ्हेच्या पोकळ्या एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मापात, धरत नसत. नकाशे पाहिले तर वाटावं, की या शहरात माणसांपेक्षा मोगऱ्याची काळजी जास्त घेतात. हॉलला फ्लॉवर बेड, बेडरूमला फ्लॉवर बेड, काही ठिकाणी स्वयंपाकघरालाही. ताबा मिळाल्यावर कट्टा फरशीच्या पातळीला यायचा, मधली भिंत नाहीशी व्हायची आणि मोगऱ्याच्या जागी सोफा बसायचा. ६ जानेवारी २०१२ ला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बदल झाला, हे सगळं एफएसआयमध्ये मोजलं जाऊ लागलं आणि बदल्यात प्रीमियम भरून मिळणारा फंजिबल एफएसआय आला, राहत्या घरांसाठी ३५ टक्के. त्यानंतर बिल्डरांची बागकामाची आवड एका रात्रीत ओसरली. अशा जुन्या घरात टेप लावताना सोफ्याखाली नेमकं काय मंजूर आहे, ते नकाशावर पाहून घ्यावं.

आता सुपर बिल्टअप. कायदा कार्पेटवर विकायला सांगतो, पण बोलण्यात सुपर बिल्टअप अजून ठणठणीत आहे. तो मोजायला टेप लागत नाही, मन मोठं लागतं. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाउस, वॉचमनची केबिन या सगळ्यांतला आपला वाटा असतो. तो कुठे आहे हे मात्र दाखवता येत नाही. एजंट म्हणतो, ‘साहेब, हजार फूट, लोडिंग फक्त चाळीस टक्के.’ इथे दोन हिशेब होतात. चाळीस टक्के कार्पेटवर चढवले असतील तर हजाराला १.४ ने भागा, कार्पेट ७१४. हजारातून वजा करायचे असतील तर ६००. मधले ११४ फूट म्हणजे एक पुरती बेडरूम. कोणता हिशेब धरलाय असं विचारलं, की एजंटला नेमका तेव्हाच दुसरा फोन येतो.

सरकारी हिशेबात घर पुन्हा अंग बदलतं. मुद्रांक शुल्कासाठी कार्पेट फुगवून बांधीव क्षेत्र काढतात. उलट मुंबई महापालिकेच्या हद्दीत २०२२ पासून ५०० चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हापासून ५१० फुटांचे मालक टेप फार बारकाईने धरतात. प्लास्टरची जाडी, स्कर्टिंग, कोपऱ्यातला कॉलम, सगळ्यांकडे नव्याने लक्ष जातं. विक्रीच्या जाहिरातीत हेच घर ‘प्रशस्त’ असतं.

ताब्याच्या वेळी मोजणी करायला लाजू नये. महारेराच्या नमुना करारात कार्पेटमध्ये तीन टक्क्यांपर्यंत फरक गृहीत धरलेला आहे. ६०० फुटांच्या घरात तीन टक्के म्हणजे १८ फूट, एक बेताचं बाथरूम. घर कमी भरलं तर जास्तीचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत मिळायचे असतात. जास्त भरलं तर बिल्डर वरचे पैसे मागू शकतो. म्हणून निकाल लागेपर्यंत टेपकडे पाहून हसू नये. सोबत पेढे नेले असतील तर तेही पिशवीतच ठेवावेत.

सगळ्यात मोठी कसोटी लागते ती पुनर्विकासाच्या सभेत. समोरचा विकासक ३५ टक्के जादा कार्पेट जाहीर करतो, टाळ्या पडतात, समोसे फिरतात. जुन्या करारात बहुधा बिल्टअप लिहिलेलं असतं, सभासदांनी मनात सुपर बिल्टअप धरलेलं असतं आणि विकासक रेरा कार्पेट बोलत असतो. त्यातल्या आतल्या भिंती जुन्या मोजणीत नसतील तर जादा फुटांतले काही फूट नुसतेच भिंतींचे निघतात. अशा वेळी उभं राहून, आवाज न चढवता विचारावं, ‘कशाच्या ३५ टक्के?’ मात्र हा प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत बिनविरोध सेक्रेटरी करतात, हे लक्षात घेऊनच हात वर करावा.