थंडीतली झटपट झोळी

दोन झाडांना टांगून झोपायची झोळी, म्हणजे हॅमॉक, ही मुळात कॅरिबियन बेटांवरच्या उबदार हवेतली सोय. भंडारदऱ्याला पौषातल्या रात्री ती नेणाऱ्याला हा तपशील पहाटे तीनला पटतो.

झोळी पाच मिनिटांत लागते, असे पिशवीवर छापलेले असते. ही पाच मिनिटे बहुधा उन्हात, उबदार बोटांनी मोजलेली असतात.

पहिली पायरी झाडांची. जिवंत, मांडीपेक्षा जाड खोडांची, चार-पाच मीटर अंतरावरची दोन झाडे लागतात. तळावर अशी जोडी एकच असते आणि तिथे कोणीतरी आधीच चहा उकळत बसलेला असतो.

दुसरी पायरी पट्ट्यांची. पट्ट्याने आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करावा. तारेसारखी ताणलेली झोळी माणसाला सहज जमिनीवर परत करते. बधिर बोटांना गाठी जमत नाहीत, म्हणून बक्कल बरे. गाठींचे पुस्तक घरी वाचायचे असते, टॉर्च दातांत धरून नव्हे.

वारा असल्यास वरची ताडपत्री आधी बांधावी.

शेवटची पायरी पाठीची. अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅगचा भराव दबतो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि पाठ गारठते. म्हणून आत चटई किंवा झोळीखाली बाहेरून टांगलेली रजई हवीच.

झटपटपणाचा खात्रीचा उपाय एकच: आदल्या रविवारी घराजवळ झोळी दोनदा लावून पाहणे. तो सर्वांना ठाऊक असतो, म्हणूनच कोणी करत नाही.