मार्चमधल्या सह्या

फेब्रुवारी सरत आला की पगारदार माणसाला एकच घोर लागतो. टॅक्स वाचवायला पैसे कुठे टाकू? घर सांभाळायला नाही, पैसे वाढवायला नाही, टॅक्स वाचवायला! मग नात्यातलं, सोसायटीतलं नाहीतर बँकेतलं कुणीतरी पॉलिसी घेऊन हजर होतं.

पण हा टॅक्स वाचतो कुठे? 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. नव्या प्रणालीत 80सीची दीड लाखांची वजावटच नाही. तरी पॉलिसी त्याच कलमाच्या नावावर गळ्यात मारली जाते.

आणि घेणारा विचारतसुद्धा नाही.

हिशेब मांडूनच बघा. तिशीतला माणूस, वर्षाला 50 हजारांचा हप्ता, 20 वर्षं. समजा विमा 10 लाखांचा आणि शेवटी हातात 18 लाख. ‘दहा भरा, अठरा घ्या’ हे ऐकायला झकास वाटतं. पण वीस वर्षांवर पसरलं की दर निघतो वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास.

आता तेच 50 हजार फोडा. प्रकृती ठीक असेल, तंबाखू-सिगारेट नसेल, तर या वयात एक कोटीचा टर्म विमा साधारण बारा हजारांत बसतो. उरलेले 38 हजार पीपीएफमध्ये. खातं पंधरा वर्षांचं, पुढे पाच वर्षांनी वाढवता येतं. एप्रिल 2020 पासून चालत आलेला 7.1 टक्के दर टिकला, तर वीस वर्षांनी जवळपास 17 लाख.

म्हणजे शेवटी लाखभर कमी. पण मधल्या काळात घरातला कमावता माणूस गेला, तर मागे दहा लाख नव्हे, एक कोटी.

दहा लाखांत घराचे हप्ते, पोरांची शिक्षणं आणि म्हाताऱ्या आईबापांची औषधं किती दिवस निघतात? हा प्रश्न सही करताना कुणी काढत नाही. घरात मरणाचं बोलायचं नाही, अशी आपली रीत. ती रीत मागे राहिलेल्या बायकोला फार महाग पडते.

‘पण टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत ना!’ स्कूटरच्या विम्याचे मिळतात?

आता सह्यांकडे या. एजंट पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो आणि तुम्ही फुली दिसेल तिथे सही ठोकता. प्रकृतीच्या रकान्यांत सगळीकडे ‘नाही’. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, ऑपरेशन नाही. गोळी तर रोज सकाळी घेता! उद्या त्यावरून क्लेम अडला, तर विचारणा एजंटच्या घरी जात नाही. सही तुमची असते.

त्याच गठ्ठ्यात एक तक्ता असतो. त्यात चार टक्के आणि आठ टक्के असे दोन अंदाज छापलेले असतात. एजंटचं बोट आठवर, नजर तुमच्यावर. हे दर गुंतवणुकीच्या कमाईचे गृहीत धरलेले, खर्च वजा होण्याआधीचे. ‘हमी’ हा शब्द कुठल्या रकान्यावर आहे, तेवढं तिथेच बसून वाचा. एजंटला घाई असेल तर चहा द्या.

नाती जपायची असतात, मान्य. पण मेहुण्याचं टार्गेट तुमच्या पगारातून वीस वर्षं का भागावं? लग्नातला आहेर एकदाच असतो.

गेल्या काही दिवसांत अशी सही करून मोकळे झाला असाल, तर कागद काढा. पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडीफार कापाकापी होऊन हप्ता परत मिळतो. अर्ज कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मेहुण्याला नंतर सांगा.